ठकीची वार

अण्णा मालकांना मांजराचा तिटकारा होता, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं एक वेळ अशी आली, की हाच माणूस हातात सायीची वाटी घेऊन आमचा जिना चढत होता. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. ते बघून मला वाटलं, कितीही कडू माणूस असला तरी त्याला कधीतरी पाझर फुटतो. फुटत नाही. निदान त्या घरात फुटला नाही. आज माझे गुडघे गेलेत, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, पण ती साय आठवली की अजून डोकं फिरतं. मुलगी म्हणते, आई, एका मांजरावरून किती वर्षं चिडशील. मी म्हणते, मरेपर्यंत, तुला काय करायचंय.

राजारामपुरी तेव्हा आजच्यासारखी क्लास, दवाखाने आणि फ्लॅटनी गच्च भरलेली नव्हती. आमच्या गल्लीत बैठी घरं जास्त आणि माडीची थोडी, त्यातल्या एका माडीवर आमच्या दोन खोल्या. खाली अण्णा आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, दोघंच. अण्णांचा गुळाचा व्यापार होता. दुकान बाजारात, पण घराच्या पुढच्या खोलीतही ढेपा रचून ठेवलेल्या असायच्या, त्यामुळं जिना चढताना त्या ओल्या गोड वासातूनच वर यावं लागे. समोर मिरची कांडायचा डंक. उन्हाळा लागला की दारात बायकांची रांग, प्रत्येकीपुढं मिरच्यांचं पोतं आणि पत्र्याचा डबा, आणि आत सकाळपासून धाड-धाड-धाड. सगळी गल्ली शिंकायची. आई त्या आवाजाच्या ठेक्यावर भाकरी थापायची, आणि डंक बंद पडला की तिचा हात चुकायचा. आबा, माझे वडील, उद्यमनगरात फौंड्रीत होते. संध्याकाळी कोपरापर्यंत काळी माती घेऊन यायचे, मोरीत बसून हातपाय धुवायचे आणि मग जेवण होईपर्यंत फारसं बोलायचे नाहीत. ज्वारीची भाकरी, वांग्याची नाहीतर पावट्याची भाजी, वर कच्चा कांदा, आणि बाजारच्या दिवशी सुकट. अण्णा पहिल्या दिवशी आबांना 'या पावणं' म्हणाले आणि पुढं इतकी वर्षं राहिलो तरी आम्ही त्यांना पावणंच राहिलो. तेव्हा मला ते प्रेमाचं वाटायचं. आता कळतं, त्यात आठवण करून देणं होतं, की घर तुमचं नव्हे.

ठकी आली तीसुद्धा अण्णांच्याच उंदरांमुळं. गुळावर पोसलेले ते उंदीर माडीवर यायचे, आणि एकदा त्यांनी आबांचा लग्नाकार्यात घालायचा एकुलता एक सदरा कुरतडून टाकला. आई तडक मुरगूडला आत्याकडं गेली आणि भाजीच्या पिशवीत मांजरीचं पिल्लू घालून एसटीनं घेऊन आली. पांढरी, काळी आणि तांबूस, तीन रंगांची. चार-सहा महिन्यांत माडीवरचे उंदीर गेले, मग खालचेही गेले. ते कुणामुळं गेले हे अण्णांनी कधी विचारलं नाही. ठकीला दुधात कुस्करलेली भाकरी लागायची आणि झोपायला आईची जुनी वाकळ. आबा हातपाय धुऊन बसले की ती त्यांच्या दंडावरचा घाम चाटायची, आणि दिवसभर कुणाशी धड न बोलणारा माझा बाप तिला म्हणायचा, 'दमलो गं बाई आज.' ती एवढी एकच गोष्ट तो घरात कुणाला तरी सांगायचा.

अण्णांना ढेपेवर एखादा केस सापडला, की तो चिमटीत धरून ते जिन्याखाली उभे. 'पावणं, ह्ये काय हाय? गिऱ्हाईकाला गुळासंगं मांजर बी दिऊ काय?' काकींची वेगळी तक्रार. सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा मांजराचं तोंड दिसतंय, दिवस वाईट जातोय. दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे निघाले तेव्हा अण्णांनी आबांना खाली बोलावून ते एकेक करून दाखवले. आबा मान खाली घालून 'व्हय मालक, व्हय मालक' करत होते. मला आबांचा राग आला होता.

खोटं कशाला बोलू, आता मी स्वतः घरमालकीण आहे. त्याच राजारामपुरीत माझे दोन फ्लॅट आहेत, एकात मी राहते, शेजारचा भाड्यानं दिलाय, गडहिंग्लजच्या नवराबायकोला. दोघंही तरुण, नोकरी करणारी, गुणी पोरं आहेत, आणि त्यांच्याकडं मांजर आहे. ते पडद्याला लोंबकळतं, सोफ्याला नखं घासतं, गॅलरीत घाण केली की वास माझ्याकडं येतो. मी त्या पोरीला सांगते, ती साफ करते. मालकाची काळजी खोटी नसते. पण काळजी वेगळी आणि कावा वेगळा. गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे चेअरमन उभे राहून म्हणाले, भाडेकरूंनी प्राणी पाळायचे नाहीत, मांजरानं रोगराई पसरते, त्या पोरांना महिन्याची मुदत द्या. मी विचारलं, तुमच्या कुत्र्यानं काय पसरतं? तर म्हणाले, ते मालकाचं कुत्रं आहे. बसा म्हटलं खाली.

तर अण्णांनी मुदत दिली ती पाडव्याची. जिन्यात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. 'पाडव्याच्या आत मांजर गेलं पायजे. न्हायतर तुमी दुसरी खोली बघा.' आबांनी रविवारी ठकीला परत मुरगूडला सोडायचं ठरवलं. मी जेवले नाही, आईनं एक रट्टा घातला, मग तीही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या नळावर आई पाणी भरत होती, काकी धुणं धूत होत्या. आई म्हणाली, 'मी काय म्हणतो काकी,' आमच्याकडं बायकाही येतो, जातो, म्हणतो असंच बोलतात, 'मी काय म्हणतो, पोटुशी हाय ती. पिल्लं हुईस्तोवर तरी ऱ्हाऊ दे की. अशा जिवाला पिशवीत घालून कुठं न्यायचं?'

काकींच्या हातातलं धुणं थांबलं. 'खरंच गाभण हाय?'

'हात लावून बघा की.'

ज्या बाईला ठकीचं तोंड बघितलं की दिवस वाईट जायचा, ती ओल्या हातानं माडीवर आली आणि तिनं ठकीचं पोट चाचपून बघितलं. त्याच संध्याकाळी अण्णा सायीची वाटी घेऊन जिना चढले. 'कशी हाय आमची ठकी?' आमची. मग रोज काही ना काही यायला लागलं. साय, मासळीची डोकी, एकदा तर उकडलेलं अंडं. माझ्या ताटात अंडं पाहुण्यारावळ्यांच्या दिवशी पडायचं. पण मला त्याचं काही वाटलं नाही, मी आनंदानं वेडी झाले होते. वर्गात मैत्रिणींना सांगितलं, आमचे मालक बदलले.

आबांना ते पटेना. 'ह्ये एवढं गोड कशापायी?' ते म्हणाले. आई भाकरी थापता थापता हसली. 'वार पायजे त्यास्नी,' ती म्हणाली. 'तिजोरीत ठेवायला.' मग तिनं मला समजावून सांगितलं. व्याल्यावर पिल्लामागून वार पडते. म्हशीची वार लोक लांब नेऊन पुरतात, तिला कोण विचारत नाही. पण मांजर आपली वार लगेच खाऊन टाकतं, कुणाच्या दृष्टीला पडू देत नाही, म्हणून लोकांनी ठरवलंय की ती ज्याला मिळेल त्याच्या घरी पैसा हटत नाही. हळदकुंकू लावून, लाल फडक्यात बांधून तिजोरीत ठेवायची, आणि त्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. चार लोकांना कळलं की तिचा गुण जातो म्हणे. व्यापाऱ्यांत त्याचं फार वेड. मला हसू आलं. एवढं कशाला, नुसती मागितली असती तर दिली असती.

आणि अण्णांनी मागितली. वर येऊन, आमच्या घरात पहिल्यांदाच खाली चटईवर बसून. 'वार आमाला द्या, मांजर तुमचं. मग त्ये जल्मभर ऱ्हाऊ दे ह्या घरात, मी कधी बोलायचा न्हाय. माझा शब्द.' आबा म्हणाले, 'घ्या की मालक. आमाला काय करायचीय?' आबा मुरगूडचे. तिथं बाजारात म्हैस शब्दावर घेतात आणि शब्दावर देतात. शब्द मोडणारा माणूस परत बाजारात उभा राहत नाही. मालकाचा शब्द म्हणजे काय असतो, हे माझ्या बापाला ठाऊक नव्हतं.

दिवस भरत आले तसं काकींनी ठकीला खाली नेलं. देवघराला लागून खोली होती, तिथं आंब्याची पेटी, आत त्यांचं स्वतःचं जुनं लुगडं. आई त्यांना परत परत सांगत होती, 'तिला अंधार लागतोय, एकांत लागतोय. व्याताना जवळ जाऊ नगा. तिचं सगळं उरकलं की मग काय मिळालं तर बघा.' काकी 'व्हय व्हय' म्हणाल्या. पण उरकल्यावर काही मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

शाळा सकाळची होती. मी दुपारी घरी आले, समोर डंक धाडधाडत होता, आणि खालच्या खोलीत भर दुपारी बल्ब लावलेला दिसला. अण्णा दुकान सोडून घरी आले होते, त्यांच्या हातात गोणपाट. काकी पेटीपुढं मांडी ठोकून, हातात चुलीतला निखारा धरायचा चिमटा. ठकीला पहिलं पिल्लू झालं होतं. ते पातळ पडद्यात गुंडाळलेलं होतं, ती पडदा फाडायला तोंड घालत होती, आणि काकी चिमट्यानं त्याच्या नाळेमागचं ओढत होत्या. ठकीनं दुसऱ्या बाजूनं दात रोवले. अण्णांनी गोणपाट तिच्या डोक्यावर टाकून तिला दाबली. मी ओरडले तर अण्णा म्हणाले, 'गप ए, जा भाईर.' मी आईला बोलवायला जिना चढले.

आई पिठाच्या हातांनी खाली आली. तोवर ठकी अण्णांच्या हाताला गोणपाटातून कडकडून चावली होती आणि ते हात झाडत शिव्या देत होते. काकी कोपऱ्याकडं तोंड करून लाल फडक्याची गाठ मारत होत्या. पिल्लू पेटीच्या बाहेर फरशीवर पडलं होतं, पडद्यासकट, तसंच. त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. आईनं नखानं तो पडदा फाडला, त्याचं तोंड पदरानं पुसलं, उलटं धरून चोळलं, फुंकर घातली. किती वेळ ती चोळत होती. ते हललं नाही. आणि काकी काय म्हणाल्या ते ऐका. 'मिळाली,' म्हणाल्या. हसत होत्या.

आईनं पेटी ठकीसकट उचलून वर आणली, कॉटखाली सरकवली आणि पुढं वाकळ सोडून अंधार केला. तिथं ठकीला आणखी दोन पिल्लं झाली. ती तिची तिनं चाटली, नाळ तिची तिनं तोडली, वार तिची तिनं खाल्ली. कुणाचीही मदत लागली नाही. संध्याकाळी आबा आले, त्यांनी हातपाय धुवायच्या आधी मेलेलं पिल्लू मागच्या परड्यात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. नंतर ते मोरीत बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी ठकी त्यांच्याकडं गेली नाही.

एवढं होऊनही मला वाटत होतं, चला, ठकी राहिली. शब्द होता ना. पिल्लांनी डोळे उघडायच्या आत अण्णा जिन्यात उभे, हाताला पट्टी. 'पावणं, ते मांजर आता हलवा.'

'शब्द दिलतासा मालक,' आबा म्हणाले.

'दिलता. पर चावतंय ते. उद्या आणि कुणाला चावलं म्हंजे? आणि दुसरं असं, वार घेतलेलं मांजर त्याच घरात ठिवू नये म्हणत्यात. आलेली बरकत मागनं चाटून नेतंय.'

म्हणत्यात. कोण म्हणतं? कुणी म्हणत नाही. मी पुढं आयुष्यभर लोकांना विचारलं, असं कुणीही म्हणत नाही. आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, म्हणजे पहिल्यांदाच अण्णांपेक्षा उंच. मला वाटलं आता 'व्हय मालक' येणार. आबा म्हणाले, 'मग आमीबी हालतो.' अण्णांना ते अपेक्षित नव्हतं. आईलाही नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली मिळाली. उन्हात भट्टी आणि पावसात ढोल, पण तिथला मालक म्हणाला, मांजर काय, म्हैस बांधा. सामान टेम्पोत चढलं. वर शेवटी ठकीची पेटी. समोर डंकावर नेहमीची रांग होती, पोत्यांवर बसलेल्या बायका आमचं सामान बघत होत्या. आबा टेम्पोत बसले, मी बसले, आई मात्र परत फिरली आणि अण्णांच्या दारात उभी राहिली. आमचा आवाज मुळातच मोठा, त्यात डंकाच्या वर जायला हवा.

'काकी, ठकीची वार आणा.'

काकी आतून धावत आल्या. 'हळू बोल की गं.'

'कशाला हळू? वार तुमची आणि मांजर हितं, असा शब्द हुता. आता मांजर हितं न्हाय, मग वार तुमची कशी? आणा. तिजोरीत हाय, लाल फडक्यात.'

डंकवाल्यानं डंक बंद केला. तो आवाज थांबला की गल्लीत कसं होतं ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, 'कसली वार गं? मांजराची? कुणाच्या तिजोरीत?' दुसरी उठून पुढं आली. मग तिसरी. अण्णा पट्टीचा हात धरून बाहेर आले, आईकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. एवढ्या बायकांना कळल्यावर आता तिचा गुण कुठला राहायला, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. ते आत गेले आणि ती पुरचुंडी आणून आईच्या पायाशी टाकली.

आईनं ती उचलली, टेम्पोपाशी आली आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली. हळदकुंकवानं माखलेलं, आमसुलासारखं वाळलेलं काळं काहीतरी. ते तिनं पेटीत ठकीच्या नाकापुढं धरलं. ठकीनं वास घेतला. तिला हळदीनं एक शिंक आली, आणि ती तोंड फिरवून पिल्लांना चाटायला लागली.

'बघितलासा,' आई म्हणाली. 'ह्याच्यासाठी मारलं तिचं पिल्लू.' मग तिनं ते फडक्यासकट नेऊन अण्णांच्या उंबऱ्यावर ठेवलं. 'घ्या. तिला नको हाय.'

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा मी मागं बघितलं. बायका अजून उभ्याच होत्या, डंक बंदच होता, आणि काकी वाकून, पदराआड हात करून, ते उंबऱ्यावरचं उचलत होत्या.

त्या पत्र्याच्या खोलीत ठकी पुष्कळ जगली. आबा तिला दंड चाटू द्यायचे, पण ती व्यायला झाली की ते घराबाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि आत कुणाला येऊ द्यायचे नाहीत. अण्णांच्या गुळाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. बुडाले असं सांगायला मला आवडलं असतं. ऐकण्यात तरी तसं काही आलं नाही.

हे सगळं आत्ताच लिहायला बसले, त्याला कारण आहे. परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात आमचे चेअरमन. मीटिंगमध्ये माझ्याशी तोंड वाजवून गेलेला माणूस, आता चप्पल बाहेर काढून, हात जोडून उभा. खुर्चीत बसले, चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग बाहेरच्या दाराकडं एकदा बघून आवाज बारीक केला.

'ताई, तुमच्या त्या भाडेकरूंचं मांजर गाभण हाय म्हणं?'

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. हातात मोबाईल, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि डोळ्यांत अण्णा.

'व्हय,' मी म्हटलं. 'ती माझ्या घरात व्याणार हाय. माझ्या खोलीत, दार लावून. मी भाईर खुर्ची टाकून बसणार हाय, आणि तिची वार ती खाणार हाय.'

ते चहा अर्धा ठेवून उठले. मी शेजारी जाऊन त्या गडहिंग्लजच्या पोरीला सांगितलं, मांजर आजपासून माझ्याकडं आण. ती विचारत होती, का हो काकू, काय झालं? म्हटलं, तू आधी आण, मग सांगते.